कुवेतमध्ये गोठलेलं दव

कुवेतहून परत आल्यापासून जो भेटतो तो मला दोनच गोष्टी विचारतो. सोनं किती आणलंत, आणि उकाडा फार होता का? सोनं आणलं नाही. उकाड्याचं म्हणाल तर मी तिथे दोन स्वेटर घालून बसत होते. जानेवारीत कुवेतला थंडी असते, चांगली सडकून असते. त्या थंडीने आमचं विमान तीन तास जागचं हलू दिलं नाही, असं सांगितलं की आमच्या चिपळुणातली शहाणी माणसं हसतात. "वाळवंटात बर्फ? काय सांगताय काकू!"

हसणाऱ्यांची मला आता चीड येते. असं हसणं मी त्या विमानात दीडशे माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते ज्याला हसत होते तो माझा जावई होता. म्हणून हे लिहिते आहे. खजूर आणि अत्तराच्या बाटल्यांबद्दल वाचायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

अबू हलीफा

माझी मुलगी मेधा तिथल्या एका सरकारी इस्पितळात नर्स आहे. जावई विलासराव नाशिकचे. एका विमानकंपनीच्या देखभाल खात्यात इंजिनियर. विमान सुटण्याआधी ते सगळं तपासायचं आणि कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. सही नाही तर विमान नाही. नात सई सहा वर्षांची. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद.

त्यांचा फ्लॅट अबू हलीफात आहे. खाली बकाला, म्हणजे वाणसामानाचं दुकान, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की समुद्र. इमारतीत मल्याळी, पंजाबी, इजिप्तचे, आणि तिसऱ्या मजल्यावर एक पुण्याचं कुटुंब. सकाळी जिन्यात सांबाराचा आणि कसल्याशा भाजलेल्या जिऱ्याचा वास एकत्र येई. फिंतासच्या बाजूला एक भट्टी होती, तिथे इराणी माणूस तंदुरातून हातभर लांब रोट्या काढायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती गरम रोटी घरी येईपर्यंत सई अर्धी संपवायची. आपल्याकडे चपाती घरची आणि पाव बाहेरचा; तिथे रोटीच बाहेरून आणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मला ते फार आवडलं. चाळीस वर्षं पोळ्या लाटलेल्या बाईला का आवडणार नाही?

आवडत नव्हते ते जावई. आता खरं लिहायला बसलेच आहे तर तेही लिहिते. माणूस निर्व्यसनी, शांत, पण चिकित्सक म्हणजे किती असावा! घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघणार. गाडीत बसल्यावर पुन्हा उतरून कुलूप ओढून बघणार. एका शुक्रवारी पुण्याच्या कुटुंबाने सगळ्यांना एका बागेत जेवायला बोलावलं होतं. निघताना विलासरावांना गाडीच्या एका चाकात हवा कमी वाटली. वाटली हं, दिसत नव्हती. पंपावर रांग. आम्ही पोचलो तेव्हा लोक बडीशेप खात होते.

"असं कसं गं चालवून घेतेस तू?" मी मेधाला विचारलं.

"आई, त्याचं काम तसं आहे."

"काम कामाच्या जागी. चाकात खिळा तरी निघाला का?"

"नाही निघाला," ती म्हणाली आणि हसली. मला त्या हसण्याचाही राग आला होता.

वाळवंटात एक सकाळ

हिवाळ्यात कुवेतचे लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात. महालासारखी घरं सोडून वाळूत शेकोटीभोवती बसायचं, चहा करायचा, मांस भाजायचं. आपल्याकडे हुरडा पार्टी असते तसंच. विलासरावांच्या एका कुवेती ओळखीच्याने त्याचा तंबू आम्हाला एका रात्रीपुरता दिला. मोठ्या मनाचा माणूस. स्वतः येऊन काड्यापेटीपासून पाण्यापर्यंत सगळं दाखवून गेला.

सकाळी मी तंबूबाहेर आले आणि बघतच राहिले. वाळूवर, दोरांवर, गाडीच्या टपावर पांढरी भुकटी पसरल्यासारखं झालं होतं. दव गोठलं होतं. विलासराव गाडीपाशी उभे होते.

"आई, इकडे या. हात फिरवून बघा."

"कशाला? गार आहे ते दिसतंय की."

"नुसतं बघून कळत नाही. फिरवा तर."

फिरवला. सुताराच्या पॉलिश पेपरवरून फिरवावा तसं खरबरीत लागलं.

"विमानाच्या पंखावर एवढं जरी साचलं ना, तरी उडता येत नाही," ते म्हणाले. "वजनाचं काही नाही, वजन नगण्य असतं. पंखाचा वरचा भाग गुळगुळीत हवा. तिथून हवा चिकटून वाहिली तरच पंख विमानाला उचलतो. असं खरबरीत झालं की हवा मध्येच सुटते. धावपट्टीवर सगळं ठीक वाटतं, आणि चाकं सुटली की विमान वर जायलाच तयार होत नाही."

मग ते जर्मनीत शिकायला गेले होते तिथलं सांगू लागले. तिथे बर्फ पडत असताना विमानं रांगेत उभी राहतात. उंच पाळण्यात बसलेला माणूस वरून पंखांवर गरम औषधी पाणी मारतो, नारिंगी रंगाचं, त्याने साचलेला बर्फ निघतो. मग दुसरं, हिरवं आणि दाट, काकवीसारखं. ते पंखाला धरून राहतं आणि नवा बर्फ बसू देत नाही. तेही ठरावीक वेळच. तेवढ्यात उडालं नाही तर पुन्हा रांगेत.

"इथे आहे का ते यंत्र?"

"नाही. दोनदा लिहून दिलं. यंत्र नाही तर निदान दोन पिंपं औषध आणा, रात्री पंखांवर घालायला कापडी खोळी आणा. उत्तर आलं, धिस इज कुवेत." ते हसले. "वर्षात दोन-चारच पहाटा असतात अशा. पण असतात."

माझं लक्ष चुलीवरच्या चहाकडे होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा यांचं विमान काही डोक्यातून जात नाही, असं मनात म्हणाले.

शर्क

निघायच्या आदल्या दिवशी मेधाने मला शर्कच्या मासळीबाजारात नेलं. स्वच्छ फरशी, वर पंखे, आणि ओटे सरळ रेषेत. पापलेटाला तिथे झुबेदी म्हणतात आणि त्याचा मान आपल्याकडे हापूसचा असतो तसा. मी कल्ला उचलून बघितला तर विकणारा इजिप्तचा माणूस चिडायच्या ऐवजी खूश झाला आणि त्याने शेजाऱ्याला हाक मारून मला दाखवलं, म्हणजे ही बाई जाणकार आहे म्हणून. संध्याकाळी चिंच-लसणीचं वाटण लावून तुकड्या तळल्या. विलासराव त्या दिवशी रात्रपाळीला होते. माझं विमान पहाटे सहाचं, आणि ते तपासायचं काम आपल्याकडे यावं म्हणून त्यांनी मुद्दाम पाळी बदलून घेतली होती. ते मला मेधाने सांगितलं. मी म्हटलं, बरं.

विमानतळ

बसमधून उतरून विमानाच्या जिन्याकडे जाताना गार हवा दातांत शिरली. माझी जागा खिडकीची, पंखाच्या जरा मागे. शेजारी दाऊदभाई नावाचे रत्नागिरीचे गृहस्थ. अठरा वर्षं तिथे गाडी चालवत होते. त्यांच्या मुलीचा निकाह त्याच संध्याकाळी होता. रजा एक दिवस उशिरा मिळाली म्हणून इतक्या ताणून चालले होते. पिशवीत तिच्यासाठी घेतलेल्या चपला होत्या. त्या त्यांनी मला उघडून दाखवल्या.

सहा वाजले. विमान जागेवरच. बाहेर मोठ्या दिव्यांच्या उजेडात पंख दिसत होता, आणि पंखाला एक माणूस शिडी लावत होता. कानटोपी, खांदे थोडे पुढे झुकलेले. शिडीवर चढण्याआधी त्याने ती दोनदा हलवून बघितली, आणि मी ओळखलं. विलासराव! वर चढून त्यांनी हातमोजा काढला, उघडा तळवा पंखावर फिरवला, मग सरकत पुढे जाऊन पुन्हा फिरवला. खाली टाय लावलेला एक माणूस हातवारे करत होता. विलासरावांनी मान हलवली. नाही.

पंख मला नीट दिसत होता. रंग करड्या धातूचा, पण मधला मोठा भाग पांढुरका, पिठूळ.

साडेसहाला लोक कुरकुरू लागले. कॅप्टन स्वतः मागे आला, माझ्या पुढच्या खिडकीतून विजेरीचा झोत टाकून बघितलं, "दव आहे, उडून जाईल" असं काहीसं इंग्रजीत हवाईसुंदरीला म्हणाला आणि गेला. मग तो टायवाला, विमानकंपनीचा तिथला मॅनेजर, आपल्याच देशाचा, आत आला. त्याने जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. माइक घेतला आणि हिंदीत म्हणाला, "विमान तयार आहे, कॅप्टन तयार आहेत. आमच्या एका इंजिनियरने कागदावर सही केलेली नाही, म्हणून उशीर होतोय. क्षमा करा."

एवढंच. पंखावर काय आहे त्याचा एक शब्द नाही. माणूस उचलून दीडशे माणसांपुढे टाकला.

मग काय विचारता! "कौन है वो? बुलाओ उसको!" "साइन करने के पैसे मांगता होगा." माझ्या मागचा एक जण म्हणाला, "ऐसे लोगों को निकालना चाहिए." दाऊदभाई सगळ्यात संतापलेले. ते मराठीत माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, सांगा मला, माझ्या मुलीचा निकाह त्या हरामखोराच्या सहीसाठी अडकून बसणार?"

आणि मी गप्प बसले. लाज वाटते, पण लिहायला हवं. तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसलेली, कुणाचं ऐकून न घेणारी मी, त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तो माझा जावई आहे हे सांगायची मला लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलंसुद्धा, याची इथेही चिकित्सा चाललीय वाटतं.

मॅनेजरने पुढची पायरी गाठली. विलासरावांना वर बोलावून दारात उभं केलं. "आता तुम्हीच सांगा यांना." रात्रभर जागलेला माणूस, नाक लाल, हातमोजे काखेत. त्यांचं हिंदी अगदी बेताचं. ते म्हणाले, "पंख के ऊपर बर्फ जमा है. सूरज आने दो. एक-दीड घंटा."

सगळं विमान हसलं. "अरे, रेगिस्तान में बर्फ!" "भाईसाब, काश्मीर समझे क्या?" कुणीतरी विचारलं, "विमानात हिटर नसतो का?" विलासराव त्यालाही शांतपणे सांगायला लागले, की इंजिनातली गरम हवा पंखाच्या पुढच्या कडेत सोडतात, पण ती आकाशात गेल्यावर, आणि फक्त कडेला, वरच्या पाठीवर जे बसलंय ते तिने निघत नाही. कुणी ऐकत नव्हतं. मागून एक वर्तमानपत्राची गुंडाळी आली आणि त्यांच्या छातीवर आपटून खाली पडली. त्यांनी ती वाकून उचलली, घडी सरळ केली आणि पुढच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

त्या क्षणी माझ्या जिभेवरचा दगड सुटला.

"कुणी मारलं ते?" मी उभी राहून ओरडले. मराठीतच ओरडले; हिंदी सुचलंच नाही. "तो माझा जावई आहे! माझं विमान आहे म्हणून रात्रभर जागलाय. मी याच विमानात बसलेय. मला पोचवायची घाई त्याला नाही होय? अहो, तो नाही म्हणतोय तर काहीतरी असेल ना!"

विमान थोडं शांत झालं. म्हातारी बाई ओरडली की होतं तसं. विलासरावांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली, बसा म्हणून. मग ते कॅप्टनच्या खोलीच्या दाराशी गेले आणि इंग्रजीत जरा मोठ्याने म्हणाले ते त्या शांततेत मागेपर्यंत ऐकू आलं. "सर, तुमचा अधिकार मोठा आहे. पण एकदा शिडीवर चढून हात लावा. मग तुम्ही म्हणाल ते."

कॅप्टन उतरला. खिडकीतून आम्ही बघत होतो. तो चढला, तळवा फिरवला, नखाने खरवडलं. वर आला तेव्हा त्याने माइक घेतला आणि म्हणाला, "इंजिनियरचं बरोबर आहे. मी चुकलो होतो. आपण उन्हाची वाट बघणार आहोत."

आता तरी कुणी हसण्याबद्दल काही बोलेल असं मला वाटलं. छे! नाश्ता कधी मिळणार, असं विचारू लागले.

सूर्य वर आला. ट्रॅक्टरने विमान ओढून आडवं लावलं, दोन्ही पंखांना ऊन मिळेल असं. तरी माझ्या बाजूचा पंख आधी मोकळा झाला. पांढऱ्याची कड हळूहळू मागे सरकत होती आणि मागे काळपट ओल राहत होती. दुसऱ्या बाजूला शेपटीची सावली पडत होती. तिथे दोन माणसं मऊ झाडू घेऊन चढली. एक पंख स्वच्छ आणि दुसऱ्यावर बर्फ, हे तर आणखी वाईट, एकीकडे विमान कलंडतं, असं विलासरावांनी मला नंतर सांगितलं. शेवटी त्यांनी दोन्ही पंखांवर पुन्हा हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

दाऊदभाई सगळा वेळ माझ्या खिडकीतून बघत होते. फक्त एकदा म्हणाले, "रात्री माझ्या गाडीच्या काचेवर पण असतं असं. मी पाणी ओततो आणि निघतो."

नऊच्या सुमारास विमान उडालं. चाकं सुटली तेव्हा मी खिडकीबाहेर पंखाकडे बघत होते. तो वाकला आणि आम्हाला घेऊन वर गेला, अगदी सहज.

मुंबई, आणि चिपळूण

मुंबईत चाकं टेकल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायलटसाठी. मी हात मांडीवर ठेवून बसले. दाऊदभाईंना पुढे रत्नागिरीला जायचं होतं, संध्याकाळचा निकाह गाठणं शक्यच नव्हतं. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. निकाह दुसऱ्या सकाळवर ढकलला, असं सांगताना त्यांचा चेहरा उजळला. माझी जड बॅग त्यांनी मला हात लावू न देता टॅक्सीपर्यंत नेली. क्षमा वगैरे मागितली नाही. जाताना एवढंच म्हणाले, "ताई, त्यांचं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

तीन आठवड्यांनी चिपळूणच्या पत्त्यावर विमानकंपनीचं पत्र आलं. गुळगुळीत कागद. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. जमिनीवरील तांत्रिक कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे विलंब झाला. योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. सोबत पुढच्या प्रवासासाठी सवलतीचं कुपन.

हलगर्जीपणा! म्हणजे खोळी मागितल्या त्या दिल्या नाहीत, औषध मागितलं ते आणलं नाही, आणि हलगर्जीपणा कुणाचा, तर ज्याने हात लावून बघितलं त्याचा! आणि हे पत्र माझ्याच घरी, मला खूश करायला! कुपनचे चार तुकडे केले, उत्तर लिहिलं आणि तुकडे आत घालून रजिस्टर करून पाठवलं. पोचपावती आली. उत्तर आलं नाही.

कारवाई म्हणजे काय ते मेधाकडून फोनवर कळलं. सहीचा अधिकार काढून घेतला होता. आता विलासराव शेडमध्ये विमानातल्या खुर्च्यांचे पट्टे आणि जेवणाचे ट्रे दुरुस्त करत होते. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कंपनीच्या हातात. त्यामुळे सोडून दुसरीकडे जाणंही सोपं नाही. "तो काहीच बोलत नाही गं," मेधा म्हणाली आणि रडायला लागली. कॅप्टनने म्हणे लेखी कळवलं होतं की इंजिनियर बरोबर होता. ते पत्र कुठल्या फायलीत गेलं कोण जाणे.

वर्षभर माझा संताप तसाच होता. पुढच्या डिसेंबरात मी फोन केला, तो विलासरावांनी घेतला. कंपनीने यंत्र घेतलं होतं. पाळणा, फवारा, औषधाची पिंपं, सगळं. फीत कापली, केक कापला, फोटो काढले. त्या दिवशी यांना कुणी बोलावलं नाही. मग चार दिवसांनी खरंच पहाटे दव गोठलं, आणि यंत्र चालवणं कुणालाच धड येईना. औषधात पाणी किती, गरम किती करायचं, कुठून सुरुवात करायची, काही ठाऊक नाही. तेव्हा त्याच मॅनेजरने घरी फोन केला.

"आणि तुम्ही गेलात?" मी विचारलं.

"गेलो."

"सहीचा अधिकार परत दिला का?"

"अजून नाही. फवारलं मी, सही दुसऱ्याने केली."

"अहो विलासराव!" माझा आवाज चढला. "त्या माणसाने तुम्हाला दारात उभं करून हसं केलं तुमचं. का गेलात तुम्ही? बसायचं होतं घरी. कळू दे त्याला!"

मागे सई कुणाशी तरी इंग्रजीत भांडत होती.

"आई," ते म्हणाले, "त्या विमानात मॅनेजर बसणार नव्हता."